शस्त्रधाऱ्यांशी संवाद : अभयदानाचा एक कठीण प्रकार

(सुवर्णमहोत्सवानिमित्त माहुल येथे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी अहिंसेवर बोलले जावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु अहिंसेविषयी आपण बहुधा आहार, जीवदया, पांजरापोळ आणि क्षमापना यांच्या संदर्भात बोलतो. हे सर्व आवश्यक आहे आणि आपल्या घराघरांत ते श्रद्धेने पाळले जाते. आजचा विषय मात्र त्या उंबरठ्याबाहेरचा आहे. समोर शस्त्र घेतलेला मनुष्य उभा आहे, त्याच्या आणि आपल्या मध्ये निरपराध माणसांचे प्राण अडकलेले आहेत, अशा वेळी अहिंसेचे व्रत घेतलेल्याने काय करावे? शस्त्रधाऱ्याशी बोलावे का? बोलावे तर कोणत्या नात्याने, कोणत्या अटींवर, आणि कोणाच्या वतीने? आपल्या परंपरेत अभयदान हे सर्व दानांत श्रेष्ठ मानले आहे. ज्याला आपले भय नाही त्याला अभय देणे सोपे असते; जो स्वतःच इतरांचे भय बनला आहे त्याच्याकडून इतरांसाठी अभय मिळवणे, हा या दानाचा सर्वांत कठीण प्रकार होय.

या प्रश्नाचा आरंभ आगमातील एका कथेपासून करणे उचित ठरेल. पर्युषणात अंतगडदसा सूत्राचे वाचन ऐकलेल्यांना अर्जुनमाळी ठाऊकच आहे. राजगृह नगरीचा हा साधा माळी. सहा उन्मत्त पुरुषांनी त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या पत्नीवर अत्याचार केला. मुद्गरपाणी यक्ष त्याच्या अंगात शिरला आणि तेव्हापासून रोज सहा पुरुष व एक स्त्री अशा सात जीवांचा वध होऊ लागला. राजाने नगराबाहेर न जाण्याची दवंडी पिटवली. रस्ते ओस पडले. अशा वेळी भगवान महावीर नगराबाहेरील चैत्यात पधारल्याचे कळताच दर्शनाला निघाले ते सुदर्शन श्रेष्ठी. हे ना राजा होते, ना सेनापती. ते एक व्यापारी गृहस्थ होते. मुद्गर उगारून अर्जुन धावून आला, तेव्हा ते पळाले नाहीत आणि प्रतिकारही केला नाही. व्रत घेऊन ते शांत उभे राहिले. यक्ष निघून गेला आणि अर्जुन भूमीवर कोसळला. तो शुद्धीवर आल्यावर श्रेष्ठींनी त्याला आपल्यासोबत भगवंतांकडे नेले.

कथेचा हा अर्धा भाग आपण आवडीने सांगतो. उरलेला अर्धा तितकाच महत्त्वाचा आहे. दीक्षा घेतलेला अर्जुन मुनी गोचरीसाठी त्याच राजगृहात फिरू लागला, तेव्हा लोक त्याला ओळखू लागले. याने माझा पिता मारला, याने माझी माता मारली, याने माझा भाऊ मारला, असे म्हणून कोणी शिव्या दिल्या, कोणी प्रहार केले. कधी अन्न मिळाले तर पाणी मिळाले नाही, कधी पाणी मिळाले तर अन्न मिळाले नाही. सहा महिने हे सर्व त्याने समभावाने सोसले. सूत्रकारांनी हा भाग गाळला नाही, यात मोठा अर्थ आहे. मारणाऱ्याचे मन पालटले म्हणून मेलेल्यांचे आप्त आपले दुःख विसरत नाहीत, आणि त्यांनी ते विसरावे अशी अपेक्षाही सूत्र करीत नाही. ही गोष्ट मनात ठेवूनच पुढील इतिहासाकडे पाहिले पाहिजे.

आता कथेतून इतिहासात येऊ. सन १७२५. गुजरातेत मुघल सत्तेच्या दोन गटांत झगडा चालू होता. हमीदखानाने मराठा सरदार कंथाजी कदम बांडे व पिलाजी गायकवाड यांची मदत घेतली होती आणि अहमदाबाद शहर लुटीच्या सावटाखाली आले होते. मराठी माणसाला हा प्रसंग आठवणे थोडे अवघड जाते, कारण वेशीपाशी उभे असलेले सैन्य आपलेच होते. त्या वेळी नगरशेठ खुशालचंद पुढे झाले. सुप्रसिद्ध शांतिदास झवेरींचे हे नातू. त्यांनी मराठा सरदारांशी बोलणी केली, स्वतःच्या पेढीतून मोठी रक्कम भरली आणि शहर लुटीतून वाचले. या उपकाराची जाण ठेवून शहरातील व्यापाऱ्यांनी लेखी ठराव केला की, बाजारात छाप पडणाऱ्या मालावर शेकडा चार आणे खुशालचंद शेठ व त्यांच्या वंशजांना द्यावेत. त्याच घराण्यात पुढे कापड गिरणी उद्योगाचे धुरीण कस्तुरभाई लालभाई झाले, हे कापड बाजारातील मंडळींना सांगायला नको.

या प्रसंगाचा अभिमान जरूर बाळगावा, पण हिशेबही नीट मांडावा. खुशालचंदांनी जे विकत घेतले ती शांतता नव्हती, ती मुदत होती. १७५३ मध्ये अहमदाबाद अखेर मराठ्यांच्या हाती गेलेच. खंडणीने शस्त्रधाऱ्याची तिजोरी भरते आणि त्याला पुन्हा येण्याची वाट कळते. तथापि त्या दिवशी ज्या घरांना आग लागली नाही, जी मुले अनाथ झाली नाहीत, त्यांच्या दृष्टीने ती मुदत म्हणजेच जीवन होते. धनाने केलेली बोलणी अपुरी असतात. पण ती व्यर्थ असतात असे कोणी म्हणू नये.

धनाऐवजी केवळ शब्दाच्या बळावर केलेल्या बोलण्यांचे उदाहरण पाहायचे तर आपल्या महाराष्ट्राच्या एका सुपुत्राकडे वळावे लागते. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. भूदानासाठी १९५१ पासून ते देशभर पायी फिरत होते. १९५९ मध्ये त्यांची यात्रा काश्मीरात असताना त्यांच्याकडे एक पत्र आले. ते अलाहाबादजवळच्या नैनी कारागृहातून, फाशीची शिक्षा झालेल्या तहसीलदारसिंग याने लिहिले होते. चंबळच्या खोऱ्यात ज्याच्या नावाने गावे थरथरत तो मानसिंग १९५५ मध्ये पोलिसांच्या गोळीने मारला गेला होता. तहसीलदारसिंग हा त्याचा मुलगा. मरणापूर्वी विनोबांची भेट व्हावी, अशी त्याची इच्छा होती.

चंबळचा मुलूख पाहिलेल्यांना तेथील ‘बेहड’ म्हणजे काय ते ठाऊक असेल. नदीने व पावसाने माती कापून काढलेल्या उंच-सखल घळी, ज्यांत शंभर माणसे लपली तरी दिसणार नाहीत. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि राजस्थान या तिन्ही राज्यांच्या सीमा तेथे भिडतात. एका राज्याचे पोलीस मागे लागले की दुसऱ्या राज्यात उतरता येते. जमिनीचा तंटा, कुळाचा अपमान, एक खून आणि त्याचा सूड, अशा क्रमाने माणसे तेथे बंदूक उचलत. ती स्वतःला डाकू म्हणवून घेत नसत, ‘बागी’ म्हणवत. परंतु नाव काहीही असले तरी लूट, अपहरण आणि खून हे त्यांचे कर्म होते. ‘शोले’ चित्रपटामुळे जे नाव घरोघरी पोहोचले तो खरा गब्बरसिंग याच मुलखातला. माणसांची नाके कापणारा तो दरोडेखोर नोव्हेंबर १९५९ मध्ये पोलिसांनी मारला. ज्यांच्याशी बोलायचे होते ती माणसे अशी होती. त्यांना भोळी किंवा निष्पाप समजून कोणी तेथे गेले नव्हते.

विनोबा लगेच स्वतः धावले नाहीत, ही पहिली लक्षात घेण्याजोगी गोष्ट. त्यांनी आधी निवृत्त मेजर जनरल यदुनाथ सिंह यांना तहसीलदारसिंगाकडे पाठवले. युद्धाचा अनुभव असलेला हा सेनाधिकारी निःशस्त्र होऊन बागींच्या टोळीपर्यंत पोहोचला आणि त्यांच्याशी बोलला. दुसरी गोष्ट, ही बोलणी राज्यसत्तेच्या पाठीमागे झाली नाहीत. संबंधित सरकारांना त्याची कल्पना होती. तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे विनोबांनी माफीचे आश्वासन दिले नाही. केलेल्या कर्माची शिक्षा भोगण्याची तयारी ठेवूनच यावे, कायद्यासमोर उभे राहावे, असे त्यांचे सांगणे होते. कोठडीत छळ होणार नाही, खटला रीतसर चालेल आणि मागे राहिलेल्या कुटुंबाकडे कोणीतरी लक्ष देईल, एवढीच हमी होती. ज्याच्या हाती न्यायदान नाही त्याने न्यायाची सूट वाटायची नसते. कापडाच्या व्यवहारात नमुना एक दाखवून माल दुसरा देणाऱ्याची पत एका हंगामात संपते. विनोबांनी दाखवलेला नमुना आणि दिलेला माल एकच होता.

मे १९६० मध्ये, ऐन उन्हाळ्यात, विनोबा आग्र्याकडून भिंड-मुरैना भागात पायी निघाले. कनेरा या गावी मानसिंगाच्या टोळीचा वारस लुक्का, म्हणजे लोकमन दीक्षित, आपल्या साथीदारांसह आला आणि दुर्बीण बसवलेली रायफल त्याने विनोबांपुढे ठेवली. त्या यात्रेत एकूण वीस जणांनी शस्त्रे खाली ठेवली. पुढे ही माणसे विनोबांबरोबर चालत गेली आणि भिंडच्या कारागृहात स्वाधीन झाली. त्यांच्यावर खटले चालले. काही पुराव्याअभावी सुटले, काहींना दीर्घ शिक्षा झाल्या. तहसीलदारसिंगाची फाशी राष्ट्रपतींनी जन्मठेपेत बदलली. त्यांच्या खटल्यांची आणि घरच्यांची काळजी वाहण्यासाठी चंबळ घाटी शांती समिती उभी राहिली. लोकमन दीक्षित शिक्षा भोगून परतला आणि उर्वरित आयुष्य शांतीच्या कामाशी जोडलेला राहिला.

येथपर्यंतची कथा ऐकताना आपले अंतःकरण भरून येते. पण अनेकान्त मानणाऱ्यांनी येथे थांबू नये. त्याच वेळी मध्य प्रदेशच्या पोलीस दलाचे प्रमुख होते श्री. के. एफ. रुस्तमजी. हे पारशी गृहस्थही महाराष्ट्राचेच, नागपूरजवळच्या कामठीचे. पुढे १९६५ मध्ये ते सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख झाले. त्यांनी या मोहिमेवर उघड टीका केली आणि त्यावरून देशभर वाद झाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की, ज्यांनी खून केले त्यांच्या गळ्यात हार पडू लागले, तर जे शिपाई या बेहडांत प्राण धोक्यात घालून उभे आहेत त्यांच्या मनोधैर्याचे काय? शरण आलेल्यांची संख्या थोडी आहे आणि न आलेल्या टोळ्या तशाच आहेत, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

रुस्तमजी हे काही कठोर हृदयाचे अधिकारी नव्हते. बिहारमधील कारागृहांत खटल्याविना वर्षानुवर्षे सडणाऱ्या कैद्यांकडे १९७०च्या दशकाच्या अखेरीस देशाचे लक्ष वळले, ते त्यांच्या लेखांमुळे. त्यांच्या आक्षेपात राजगृहातील त्या पित्याचा, त्या मातेचा, त्या भावाचा आवाज आहे. कनेराच्या सभेत बागी होते, संत होते, पत्रकार होते. ज्यांचा कर्ता पुरुष बागींच्या गोळीने गेला होता, त्या विधवेसाठी तेथे मानाची जागा होती का? हा प्रश्न विचारणे म्हणजे विनोबांचा अनादर नव्हे. एक बाजू विनोबांची, एक बाजू रुस्तमजींची, आणि तिसरी बाजू त्या विधवेची. तिन्ही नयांनी पाहिल्याशिवाय सत्य पुरते दिसत नाही, हेच तर आपल्याला बालपणापासून शिकवले गेले आहे.

या टीकेचा उपयोग झाला की नाही, हे बारा वर्षांनंतर दिसले. ऑक्टोबर १९७१ मध्ये पाटण्याला श्री. जयप्रकाश नारायण यांच्या घरी एक मनुष्य आला. आपण रामसिंग नावाचे ठेकेदार आहोत, असे त्याने सांगितले. प्रत्यक्षात तो चंबळचा नामांकित बागी माधोसिंग होता. तो आधी विनोबांपर्यंत पोहोचला होता; परंतु विनोबांनी १९७० मध्ये पवनार येथे क्षेत्रसंन्यास घेतला असल्याने त्यांनी त्याला जयप्रकाशजींची वाट दाखवली. जयप्रकाशजींनी घाई केली नाही. केंद्र शासन आणि संबंधित राज्य सरकारे यांच्याशी त्यांनी कित्येक महिने बोलणी केली. कोणालाही फाशी होऊ नये, एवढा शब्द त्यांनी शासनाकडून आधी मिळवला आणि मगच तो बागींना दिला. बोलणी चालू असताना ठरलेल्या टापूत पोलिसांनी कारवाई करू नये, अशीही व्यवस्था झाली. एप्रिल १९७२ मध्ये मुरैना जिल्ह्यातील जौरा येथे मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्या साथीदारांनी शस्त्रे ठेवली. त्या आणि पुढील समर्पणांत मिळून ही संख्या चारशेच्या घरात गेली. मुंगावली येथे त्यांच्यासाठी खुले कारागृह निघाले, जेथे शेती करीत शिक्षा भोगता आली. १९६० मध्ये वीस, १९७२ मध्ये शेकडो. हा फरक केवळ पुण्याईचा नव्हता. पहिल्या वेळी जे कच्चे राहिले होते ते दुसऱ्या वेळी आधीच बसून, शासनाला सोबत घेऊन, पक्के केले गेले होते.

चंबळात जे अनुभवाने समजले, त्याचा नियम जगाने काही वर्षे आधी लिहून ठेवला होता. त्याचे मूळही एका व्यापाऱ्यापाशी जाते. जिनिव्हाचे आँरी द्युनाँ हे अल्जीरियातील आपल्या धंद्याच्या अडचणी फ्रान्सच्या सम्राटासमोर मांडण्यासाठी निघाले होते. २४ जून १८५९ रोजी झालेल्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर रणांगणाजवळ पोहोचल्यावर त्यांना हजारो जखमी सैनिक पाण्यावाचून तळमळताना दिसले. धंद्याचे काम बाजूला राहिले. गावातल्या स्त्रियांना हाताशी धरून, सैनिक कोणत्या बाजूचा हे न विचारता, त्यांनी शुश्रूषा केली. त्यातूनच १८६३ मध्ये रेड क्रॉसची समिती स्थापन झाली. द्युनाँ यांचे पुढे दिवाळे निघाले; १९०१ मध्ये पहिल्या शांतता नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मात्र त्यांनाच मिळाला.

१९४९च्या जिनिव्हा करारांतील तिसरे कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे. एखाद्या देशाच्या आत सशस्त्र संघर्ष चालू असेल तेव्हा निःपक्षपाती मानवतावादी संस्था दोन्ही पक्षांना आपली सेवा देऊ करू शकते, असे ते सांगते. त्याच कलमात पुढे स्पष्ट केले आहे की, यामुळे कोणत्याही पक्षाच्या कायदेशीर दर्जात फरक पडत नाही. म्हणजे जखमीला औषध पोहोचावे म्हणून बंडखोराशी बोलल्याने बंडाला मान्यता मिळत नाही. ‘त्यांच्याशी बोललात म्हणजे तुम्ही त्यांचेच’ या आरोपाला यापेक्षा सरळ उत्तर नाही.

या नियमाचा सुंदर उपयोग मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या छोट्या देशात झाला. १९८५ मध्ये तेथे यादवी युद्ध पेटले होते. युनिसेफचे प्रमुख जेम्स ग्रँट यांनी राष्ट्राध्यक्षांना आणि चर्चच्या मध्यस्थीने बंडखोरांनाही एकच विनंती केली : लहान मुलांना लस टोचण्यासाठी काही दिवस बंदुका थांबवा. दोन्ही बाजूंनी ते मानले. त्या वर्षी असे तीन दिवस पाळले गेले आणि सुमारे अडीच लाख बालकांना लस मिळाली. १९९२ मध्ये युद्ध संपेपर्यंत दरवर्षी हे शांततेचे दिवस पाळले गेले. युद्ध कोणाचे खरे, हा वाद त्या दिवसांत कोणीही सोडवला नाही. गोवर आणि पोलिओ यांना पक्ष नसतो, एवढे दोघांना पटले, तेवढे पुरले.

तथापि प्रत्येक शस्त्रधारी बोलण्यास उपलब्ध असतो, असे मानणे हा भाबडेपणा ठरेल. मुंबईकरांना हे सांगण्याची आवश्यकता नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री या शहरात शिरलेल्यांना काहीही मिळवायचे नव्हते, मारायचे होते. सीमेपलीकडून दूरध्वनीवर त्यांना तशाच आज्ञा मिळत होत्या. अशा ठिकाणी नागरिकांचे रक्षण करणे हे राज्याचे आणि त्याच्या शूर जवानांचे कर्तव्य होय. जेथे समोरच्याच्या मनात एखादी तरी मानवी वस्तू शिल्लक आहे, मग ते घर असो, मूल असो, आजार असो वा पश्चात्ताप असो, तेथेच संवादाचे दार असते. दार आहे की नाही हे ओळखणे, हीच या कामातील पहिली परीक्षा.

आपल्याच राज्यातील गडचिरोलीच्या जंगलात १९८० पासून नक्षलवादी वावरत आले आणि त्यांत आदिवासी व पोलीस दोघांचेही बळी गेले. त्याच भागातील हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वाढवला. बंदुकांच्या सावलीत इतकी वर्षे रुग्णालय चालू राहिले, कारण तेथे रुग्णाकडे रुग्ण म्हणूनच पाहिले गेले. राज्य शासनाने २००५ पासून आत्मसमर्पण योजना राबवली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवली. हे स्वागतार्ह आहे. पण जौऱ्याचा आणि राजगृहाचा धडा येथेही लागू आहे. ज्या गावात समर्पण केलेला मनुष्य उद्या परतेल, त्याच गावात कोणाचा तरी मारला गेलेला मुलगा आहे. दोघांच्याही घरी जाणारे कोणी असेल तरच हे समर्पण पूर्ण होईल.

या सर्वांतून जे सार हाती येते ते असे. संवादासाठी जाणाऱ्याला स्वतःला काही मिळवायचे नसावे. अपरिग्रह हेच त्याचे कवच. खुशालचंदांना मिळालेले चार आणे नंतरच्या कृतज्ञतेचे होते, आधी ठरवलेल्या दलालीचे नव्हते, म्हणूनच ते शोभले. दुसरे, आपल्या हाती जेवढे आहे तेवढेच वचन द्यावे; सत्यव्रताला बेहडातही सुट्टी नाही. तिसरे, जे करायचे ते राज्याला सांगून, उजेडात करावे. चौथे, आपण बोलतो ते निरपराधांच्या जीवासाठी, समोरच्याच्या मताला मान्यता देण्यासाठी नव्हे, हे स्वतःलाही पुनःपुन्हा बजावावे. आणि पाचवे, जे सर्वांत अधिक वेळा राहून जाते : बोलणीच्या बैठकीत तिसरे आसन मांडावे. एक शस्त्रधाऱ्याचे, एक शासनाचे आणि एक त्याचे, ज्याचे माणूस गेले. ते आसन रिकामे राहिले तर अभयदान अर्धेच झाले असे समजावे.

कोणी म्हणेल, माहुल-चेंबूरच्या दुकानदाराला आणि नोकरदाराला या उपदेशाचा काय उपयोग? आपल्यासमोर बागी कोठे येतात? खरे आहे, न येवोत. परंतु शस्त्राची जातही पुष्कळ असते. दोन भाऊ वडिलांच्या दुकानावरून वकिलाच्या नोटिसा घेऊन उभे असतात, सोसायटीचे दोन गट एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, एखाद्या तापलेल्या सायंकाळी दोन वस्त्यांमधील तरुण हातात दगड घेतात. तेव्हा संघातील कोणीतरी सुदर्शन श्रेष्ठींसारखे, घाबरूनही न पळता, मध्ये जाऊन उभे राहावे लागते. आणि समेटाचे पेढे वाटण्यापूर्वी, ज्याचे खरोखर नुकसान झाले त्याच्या घरी आधी जावे लागते. आपल्या ट्रस्टला पुढील पन्नास वर्षांत हे काम कधी ना कधी करावे लागेल. त्यासाठी असे चार-पाच गृहस्थ तयार ठेवणे, ज्यांच्या शब्दावर दोन्ही बाजू विश्वास ठेवतील, ही आपली खरी ठेव ठरेल.

शेवटी विनोबांचेच स्मरण करून थांबणे योग्य. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वर्षी, त्यांच्याच आग्रहातून, सर्व जैन संप्रदायांना मान्य होईल असा एक ग्रंथ सिद्ध झाला. जिनेंद्र वर्णीजींनी गाथांचे संकलन केले, नोव्हेंबर १९७४ मध्ये दिल्लीत चारही संप्रदायांचे मुनी व विद्वान एकत्र बसले आणि ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ १९७५ मध्ये प्रकाशित झाला. त्या ग्रंथालाही आता पन्नास वर्षे पूर्ण झाली आहेत. ज्यांनी बेहडातील बंदूकधाऱ्यांना बसते केले त्यांनीच शतकानुशतके स्वतंत्र राहिलेल्या आपल्या संप्रदायांना एका आसनावर बसवले, आणि दोन्हीकडे त्यांची रीत एकच होती : कोणाला खोटे न ठरवता, सर्वांना पटेल तेवढे आधी हाती घ्यावे. नोव्हेंबर १९८२ मध्ये अंतकाळ जवळ आल्याचे जाणून त्यांनी अन्न, जल आणि औषध यांचा त्याग केला आणि १५ नोव्हेंबर रोजी, दीपावलीच्या दिवशी, म्हणजे महावीर निर्वाणदिनीच देह ठेवला.

त्यांच्याकडून आणि सुदर्शन श्रेष्ठींकडून आपण धैर्य घ्यावे, रुस्तमजींकडून जागरूकता घ्यावी, आणि राजगृहात गोचरीला फिरणाऱ्या त्या मुनीकडून, दुखावलेल्यांचे बोल खाली मान घालून ऐकण्याची तयारी घ्यावी, एवढीच या सुवर्णप्रसंगी सर्वांना नम्र विनंती.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास मिच्छा मि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.